तेलुगूच्या चार बोली आणि कोंकणीच्या दहा: मोजायचं नेमकं काय?

कोल्हापूरहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. भाषाविज्ञानात एम. ए. करते, प्रबंधिकेसाठी तेलुगू आणि कोंकणीच्या बोलींची तुलना घेतली आहे. तिच्या यादीत तेलुगूच्या चार बोली आहेत, कोंकणीच्या दहा-बारा. आठ कोटी लोकांच्या भाषेला चार आणि बावीस लाखांच्या भाषेला दहा, हे कसं? कोंकणी जास्त विस्कटलेली आहे असं म्हणायचं का? आणि या दोन्ही भाषा बोलता येत नसताना सुरुवात कुठून करायची?

तुमच्या आकड्यांत चूक नाही. 2011च्या जनगणनेत तेलुगूचे भाषक 8.11 कोटी आणि कोंकणीचे 22.56 लाख आहेत. अडचण यादीत आहे. तुमच्याकडच्या दोन याद्या दोन वेगवेगळ्या मापांनी केलेल्या आहेत. तेलुगूची यादी जमिनीवरून केली आहे: उत्तरेला श्रीकाकुलम-विशाखापट्टणम, मध्ये गोदावरी-कृष्णा-गुंटूर, दक्षिणेला रायलसीमा, पश्चिमेला तेलंगणा. कोंकणीच्या यादीत अंत्रुजी, बारदेशी, सासष्टी, कारवारी ही गावा-तालुक्यांची नावं आहेत आणि त्यांच्याच शेजारी गौड सारस्वतांची, मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांची, भटकळच्या नवायतांची, कुडमींची, सिद्दींची अशी माणसांची नावं. एक यादी सांगते कुठे बोलतात, दुसरी सांगते कोण बोलतं. त्यांची बेरीज समोरासमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

शब्दयाद्या आणि रेकॉर्डर घेऊन मी पंचवीस वर्षं फिरले आहे, एकीकडे सोलापूर-नांदेडच्या सीमेवर, दुसरीकडे सावंतवाडीपासून मंगळूरपर्यंत. त्यातून जे समजलं ते सांगते. तुमच्या प्रबंधिकेला किती लागू होईल हे तुम्हाला किती महिने मिळतात आणि कोणाच्या घरात प्रवेश मिळतो यावर ठरेल.

आधी तेलुगू. तिथे चार भाग कोणी खुर्चीत बसून पाडलेले नाहीत. भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्तींनी शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द गावोगावी गोळा करवले. नांगराचे भाग, पेरणी, मळणी, जनावरं यांचे. तो संग्रह 1962 साली आला. शब्द नकाशावर मांडल्यावर ज्या रेघा वारंवार एकाच ठिकाणी जमा झाल्या, त्यांच्यामधले हे चार प्रदेश. म्हणजे सलग जमीन, तिच्यावर सलग वस्ती, एकच लिपी, आणि बदल होतो तो चालत गेल्यासारखा, हळूहळू.

हा बदल जवळून बघायचा तर क्रियापद धरा. ‘तो आला’ एवढंच घ्या. रायलसीमेत ‘वच्चिनाडु’ ऐकाल. हे जुनं रूप. किनाऱ्यावर, म्हणजे कृष्णा-गुंटूर भागात, मधला ‘इना’ आवळला गेला आणि तिथे आपल्या ‘बॅट’मधला स्वर आला: ‘वच्चॅडु’. तेलंगणात शेवटचा दीर्घ स्वर गळला आणि ‘वच्चिंडु’ झालं. तीन रूपं, पण एकाच झाडाच्या फांद्या, आणि कुठली फांदी कुठून फुटली हे बोट ठेवून दाखवता येतं. तेलुगूच्या बोली ओळखायला मला पहिल्या वाक्यातलं क्रियापद बहुतेक वेळा पुरतं.

दुसरी खूण स्वयंपाकघरात आहे. कांदा किनाऱ्यावर ‘उल्लिपाय’, तेलंगणात ‘उल्लिगड्ड’, रायलसीमेत ‘एर्रगड्ड’ म्हणजे लाल गड्डा. तुम्ही कोल्हापूरच्या, बेळगावकडचं ‘उळ्ळागड्डी’ कानावरून गेलं असेल. तेलंगणाचा शब्द त्याला किती जवळचा आहे बघा. बटाटा किनाऱ्यावर ‘बंगाळदुंप’, तेलंगणात ‘आलुगड्ड’, रायलसीमेत ‘उर्लगड्ड’, आणि हा शेवटचा शब्द तमिळच्या वळणाचा. भाजीच्या पाटीवरून शेजारी कोण आहे ते कळतं.

तेलंगणाच्या बोलीत मराठी माणसाला पटकन घरचं वाटतं, कारण ‘पैसलु’, ‘दवाखाना’, ‘नाष्टा’, ‘जर’ (जरासं या अर्थी), ‘मस्तु’ असे शब्द सतत येतात. यामागे इतिहास आहे. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि तेलंगणा एकत्र होते, 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं, कचेरी-कोर्टाची भाषा उर्दू होती. पण या ओळखीच्या शब्दांवरून तेलंगणाची तेलुगू ‘मिश्र’ किंवा ‘बिघडलेली’ आहे असं तुमच्या लेखनात येऊ देऊ नका. मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण ही माणसं ते फार वर्षं ऐकत आली आहेत. छापील भाषेसाठी किनाऱ्याची बोली प्रमाण धरली गेली आणि तेलंगणाची बोली सिनेमात बराच काळ हसवणाऱ्या किंवा खलनायकी पात्रांच्या वाट्याला आली. 2014 साली राज्य वेगळं झाल्यावर कवी काळोजी नारायणराव यांचा जन्मदिवस, 9 सप्टेंबर, तिथे तेलंगणा भाषा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आंध्रात तेलुगू भाषा दिन 29 ऑगस्टला, गिडुगू राममूर्तींच्या जन्मदिवशी असतो. ग्रांथिक, म्हणजे जुनी पुस्तकी भाषा सोडून लोकांच्या तोंडची भाषा लिहावी म्हणून झगडलेला हा माणूस. एका भाषेचे दोन दिवस का, हे समजलं की प्रमाण आणि बोलीचं राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही.

आता कोंकणी. इथे मी स्वतः मोठी चूक केली होती, ती आधी सांगते. सुरुवातीच्या काळात बारदेशातल्या एका गावात मी तीन जणांचं रेकॉर्डिंग केलं, नकाशावर एक ठिपका दिला आणि खाली ‘बारदेशी’ लिहिलं. तिघंही एकाच वाड्यावरचे, तिघंही हिंदू. दुसऱ्या दिवशी चर्चजवळच्या घरात एक म्हातारी बाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा ठिपका खोटा आहे. उच्चार वेगळे, वाक्याची चाल वेगळी, घरातल्या वस्तूंसाठी पोर्तुगीजमधून आलेले शब्द जास्त. दोन घरांत अंतर पाच मिनिटांच्या चालीचं. मी गावाचं नाव लिहिलं होतं आणि नोंद केली होती एका समाजाची. ते सगळं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदीवर गावाच्या आधी माणूस कोण आहे ते येतं.

हे असं का झालं, ते गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला. तिसवाडी, बारदेश, सासष्टी हा जुन्या काबिजादीचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखाचा भाग. तिथे धर्मांतरं झाली आणि 1560 ते 1812 या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं. 1684 साली तर गोव्यातल्या लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला. देव उचलून नदीपलीकडे नेले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश 1560च्या सुमारास अंत्रुज महालात, आजच्या फोंड्यात आला. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला तो थेट अठराव्या शतकात. म्हणून अंत्रुजची बोली आणि सासष्टीची बोली यांच्यात नुसती झुआरी नदी नाही, दोनशे वर्षांचा वेगळा कारभार आहे. याच काळात लोक बोटींतून आणि पायी दक्षिणेला गेले: कारवार, भटकळ, मंगळूर, थेट कोचीपर्यंत. जे गेले ते समाज म्हणून गेले, देवळं आणि चर्चं बरोबर घेऊन गेले, आणि तिथे त्यांच्या आजूबाजूला कन्नड, तुळू, मल्याळम होती. कोंकणीचा शेजारी कोंकणी उरलाच नाही.

मंगळूरजवळच्या एका सारस्वत घरात आजींना मी ‘मुलगा’ विचारलं. त्यांनी ‘पूतु’ म्हटलं, शेवटच्या उकाराचा स्पष्ट उच्चार करून. देव म्हणजे ‘देवु’. पाणी म्हणजे ‘उद्दाक’, द्वित्त स्पष्ट. गोव्यात हेच ‘पूत’, ‘देव’ आणि ‘उदक’ किंवा ‘उदाक’. तो शेवटचा उकार ऐकून मी थांबलेच, कारण आपण तो ज्ञानेश्वरीत वाचतो: ‘अर्जुनु’, ‘श्रीकृष्णु’. मराठीने तो शेकडो वर्षांपूर्वी टाकून दिला, गोव्यानेही टाकला, आणि जी माणसं घर सोडून लांब गेली त्यांच्या स्वयंपाकघरात तो टिकून आहे. त्याच घरात ‘काय’ म्हणजे ‘कसलें’, गोव्यात ‘कितें’, आणि मालवणीत आपलंच ‘काय’. एवढासा रोजचा शब्द, पण त्यावरून माणूस कुठला ते सांगता येतं.

पण गंमत बघा, ‘तो आला’ हे वाक्य कोंकणीत घेतलं तर गोवा, कारवार, मंगळूर सगळीकडे ‘आयलो’ किंवा त्याच्या अगदी जवळचं रूप मिळतं, मालवणीत ‘इलो’. तेलुगूत जिथे सांधा उकलतो, तिथे कोंकणी बऱ्यापैकी घट्ट आहे. कोंकणीचे भेद नामाच्या शेवटात, प्रश्नार्थक शब्दांत, उच्चारात आणि उसन्या शब्दांत जास्त दिसतात. म्हणून दोन्ही भाषांना एकच प्रश्नावली लावू नका. क्रियापदांचीच यादी नेलीत तर तेलुगू विस्कटलेली दिसेल आणि कोंकणी एकसंध. नामांची नेलीत तर उलट.

लिपीचा सापळा याहून मोठा आहे आणि त्यात भले भले अडकतात. कोंकणी देवनागरीत, रोमीत (म्हणजे रोमन लिपीत), कन्नडमध्ये, मल्याळममध्ये आणि भटकळला फारसी-अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली गेली आहे. रोमीत लिहिणारा घराला ‘घोर’ वाचता येईल असं लिहितो आणि देवनागरीत लिहिणारा ‘घर’. कागदावर दोन बोली दिसतात. पण फोंड्याच्या माणसाला ‘घर’ म्हणायला लावा. त्याचा ‘अ’ही आपल्या मराठी ‘अ’पेक्षा ओठ गोल करूनच येतो. फरक आहे, पण लिपी दाखवते तेवढा नाही. तेलुगूत याच्या उलट होतं. लिपी एकच, आणि मघाशी सांगितलेला ‘वच्चॅडु’ लिहिताना ‘वच्चाडु’ असाच लिहितात. म्हणजे एकीकडे लिपी भेद वाढवून दाखवते आणि दुसरीकडे झाकते. छापील मजकुरावरून तुलना केलीत तर निष्कर्ष लिपीबद्दल निघेल, बोलींबद्दल नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण मला जे खरोखर सांगायचं आहे ते इथे आहे. तेलुगूलाही माणसांच्या नावाच्या बोली आहेत. त्या तुमच्या चारच्या यादीत नाहीत, कारण त्या तेलुगू मुलखाबाहेर आहेत. जनगणनेत तेलुगूखाली ‘वडारी’ वेगळी नोंदलेली आहे. ती आपल्या महाराष्ट्रात दगड फोडणाऱ्या वडार समाजाच्या घरात बोलली जाते. इंग्रजी अमदानीत ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात कामाठी, साळेवारी, गोलरी अशी नावं तेलुगूखाली आहेत. मुंबईच्या कामाठीपुऱ्याचं नाव याच कामाठ्यांवरून पडलं. सोलापूरच्या पूर्व भागात आणि भिवंडीत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. मुलखात राहिली तोवर बोलीला नदीचं, जिल्ह्याचं नाव मिळालं. मुलूख सुटला की तिला समाजाचं नाव चिकटलं, कारण परक्या भाषेच्या गावात बोली टिकते ती घर, जात, देऊळ आणि धंदा यांच्या आधाराने. कोंकणीच्या बाबतीत भाषकांचा फार मोठा हिस्सा मूळ जागेवरून हलला, आणि जे राहिले त्यांच्यातही धर्माने भिंत घातली. तेलुगूचा बहुसंख्य हिस्सा जागेवर राहिला. तुमच्या चार आणि दहा या आकड्यांमागे हे आहे.

मग कोंकणी जास्त विस्कटलेली आहे का? माझं मत विचाराल तर टोकाच्या दोन बोलींमधलं अंतर कोंकणीत जास्त आहे. कोचीच्या मट्टांचेरीतला सारस्वत आणि बारदेशातला ख्रिस्ती शेतकरी समोरासमोर बसले तर पहिली काही मिनिटं अडखळतील, हे मी पाहिलं आहे. श्रीकाकुलमचा आणि आदिलाबादचा माणूस एकमेकांच्या क्रियापदांवर हसतील, पण गोष्ट पुढे जाईल. शाळा, वर्तमानपत्र आणि सिनेमा दोघांचे एकच राहिले आहेत. कोंकणीला असा सगळ्यांचा एक छापील कागद कधी मिळालाच नाही. 1987च्या गोवा राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला मान दिला आणि 1992 साली कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण मंगळूरचा ख्रिस्ती वाचक कन्नड लिपीत वाचतो आणि सासष्टीतला रोमीत. तरीही ‘विस्कटलेली’ हा शब्द मी वापरणार नाही. विस्कटणं म्हणजे आधी नीट असलेलं बिघडणं. इथे माणसं पांगली, आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याची कोंकणी सांभाळली.

मालवणीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण परीक्षक विचारतील. 1905 साली निघालेल्या ग्रिअर्सनच्या खंडात कोंकणी मराठीखाली आहे, जनगणनेत मालवणी कोंकणीखाली आहे, आणि मालवणच्या बाजारात कोणाला विचारलंत तर तिसरंच उत्तर मिळेल. हा वाद तुमच्या प्रबंधिकेत सोडवू नका, तेवढा आवाका तिचा नाही. मालवणीला एक बिंदू म्हणून घ्या, तिच्यातलं ‘मी’ आणि गोव्यातलं ‘हांव’ दोन्ही नोंदवा, आणि कुठल्या यादीत तिला कुठे धरलं आहे ते प्रामाणिकपणे लिहा.

तुमच्यासाठी वाट अशी धरावी असं वाटतं. दोन्ही भाषांचे सगळे भेद गोळा करायला जाल तर दहा वर्षं लागतील. प्रश्न लहान करा: मुलखात असताना आणि मुलखाबाहेर गेल्यावर बोली कशी वेगळी होते. तेलुगूसाठी सोलापूर तुम्हाला जवळ आहे. तिथली दोन-तीन पद्मशाली घरं आणि तेलंगणात एक गाव. कोंकणीसाठी गोव्यातल्या एकाच तालुक्यातले दोन समाज आणि मंगळूरचं एक घर. प्रत्येक ठिकाणी आजी, मधली पिढी आणि शाळकरी मूल अशी तीन वयं. माणूस कुठल्या लिपीत वाचतो हेही नोंदीत लिहा, ते बहुतेक जण विसरतात. भाषा येत नाही याची फार चिंता नको. तेलुगूचा ‘च़’, जो ‘च़ाला’ म्हणजे ‘खूप’ या शब्दात आहे, तो मराठी कानाला आणि जिभेला आधीच येतो. हिंदीवाल्याला तो शिकावा लागतो. कोंकणी तर महिनाभरात कानात बसेल. मात्र कळायला लागली म्हणून मराठी समजून लिहू नका. ‘तो आयला’ हे ‘तो आला’ वाटतं, पण गोव्यात त्याचा अर्थ ‘तो आलेला आहे’ असा होतो, आणि ‘आला’साठी ‘आयलो’.

शब्द विचारण्याची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. सोलापूरला एका विणकराच्या घरात मी यादी काढून विचारलं, ‘कांद्याला काय म्हणता?’ वाहिन्या बघून तयार झालेल्या नातवाने लगेच ‘उल्लिपाय’ सांगितलं, आणि मी लिहूनही घेतलं. मग जेवायला बसलो. आजीने आतून सुनेला हाक मारून आणखी एक ‘उल्लिगड्ड’ चिरायला सांगितला. नातवाने खोटं सांगितलं नव्हतं. पाहुण्याला चांगली, छापील भाषा द्यावी असं त्याला वाटलं होतं. तेव्हापासून मी यादी पिशवीत ठेवते आणि भाजीची टोपली मधे ठेवून बसते. वस्तू हातात घ्या, नाव त्यांना उच्चारू द्या, आणि रेकॉर्डर जेवण संपेपर्यंत चालू ठेवा. त्याची परवानगी मात्र घरात शिरतानाच घ्या, आणि रेकॉर्डर आजीला दिसेल असा ठेवा.